बिनकामाचं बटण

जुन्या बुलेटवर स्वाराला मिळणारी माहिती फार थोडी. हेडलाइटच्या डोक्यावर एक स्पीडोमीटर आणि शेजारी करंट दाखवणारं छोटं अँपिअर-मीटर, की संपलं. स्पीडोमीटरचा काटा चाळीस ते साठ या मुलखात झुलत राहतो, नेमका आकडा ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे धरायचा. अँपिअर-मीटर इंडिकेटर लावला की त्याच्याच तालावर नाचतं. पेट्रोलचा काटा नाहीच. टाकीचं झाकण उघडायचं, गाडी हलवायची, आत डुबुक कितपत वाजतं ते ऐकायचं, नाहीतर गाडी रिझर्व्हला लागेपर्यंत देवावर हवाला ठेवून चालवत राहायचं. 1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली, तेव्हापासून कित्येक दशकं लष्करापासून दूधवाल्यांपर्यंत सगळे एवढ्या माहितीवर सुखाने फिरले. मला मात्र गणपतीला आजोळी, गुहागरकडे जायचं होतं. त्यासाठी व्होल्टमीटर, घड्याळ, तापमापक, मोबाइल चार्जर आणि धुक्याच्या दिव्याचं बटण डोळ्यांपुढे हवंच, असं माझं ठाम मत झालं.

तयार पॅनेल मिळतात. पण ती भलत्याच गाड्यांच्या मापाची असतात आणि किंमत ऐकली की पॅनेलसाठी बुलेट विकावी लागेल असं वाटतं. तेव्हा घरीच करायचं ठरलं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा साचा कापून हँडलवर धरून पाहिला. हँडल डावीकडे पुरतं वळवलं, उजवीकडे पुरतं वळवलं. वधूपित्याचं नाव टाकीला घासत होतं, तेवढं कापलं.

आता पॅनेल कशाचं? ॲल्युमिनियमचा पत्रा बुलेटवर बसवला की स्वतंत्र वाद्य होतो. ॲक्रिलिक दिसायला देखणं, पण भोक पाडताना ड्रिल आरपार निघायच्या क्षणी कोपऱ्यापर्यंत चरचरत तडा जातो. उत्तर सापडलं ओट्यावर. भाजी चिरायचा पांढरा बोर्ड! हे हाय-डेन्सिटी पॉलिथिन. पाणी पीत नाही, तडकत नाही, कंपनं पोटात घालतं, आणि घरातली साधी करवतही त्याला पुरते. बोहरी आळीतून होल सॉ आणला. चार्जरच्या सॉकेटला साधारण 29 मिलिमीटरचं भोक लागतं. पातं फिरायला लागलं तसा मऊ पांढरा कीस ओट्याखाली साचला. आईने तो खोबरं समजून वाटीत भरून ठेवला. बोर्ड नेमका कुणाचा, ही बाब बायकोच्या लक्षात कोबी चिरायच्या वेळी आली. त्यावर इथे लिहिण्यासारखं काही नाही.

या प्लास्टिकचा एक गुण म्हणा की अवगुण, त्याला काही चिकटत नाही. ना रंग, ना स्टिकर, ना गोंद. म्हणून बटणांची नावं सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने कोरली. ‘धुकं’ लिहिताना अनुस्वार आरपार गेला. तिथून पावसाळ्यात बारीक वारा लागतो.

बटणं घ्यायला तपकीर गल्लीत गेलो. मला चार हवी होती.

‘पाचचा सेट आहे.’

‘पण मला चारच लागतात.’

‘मग पाचवं लावू नका.’

पुण्यात याहून सविस्तर ग्राहकसेवेची अपेक्षा मी कधीच केलेली नाही. पण पैसे मोजलेली वस्तू वाया घालवणं आमच्या घराण्यात बसत नाही. पाचवं भोक पाडलं आणि पाचवं बटण बसवलं. मागे वायर नाही, पुढे नाव नाही. आत छोटा दिवाही नाही. नुसतं टक् वाजतं.

वायरिंगला मामा आले. मामा वीज खात्यातले लाइनमन. निवृत्त झाले तरी अजून रस्त्याने जाताना प्रत्येक खांबाकडे मान वर करून बघतात. त्यांनी आधी माझी आकृती फाडली. ‘फ्यूज कुठे दाखवलायस? दिव्यापाशी? अरे, फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. बॅटरीपासून वीतभराच्या आत पाहिजे. पुढे वायर कुठे घासली, शॉट झाली, तर पहिला तो उडाला पाहिजे.’ धुक्याच्या दिव्याला रिले घातला. 30 नंबरच्या टोकाला बॅटरी, 87 ला दिवा, 85 आणि 86 च्या मध्ये बारीक कॉइल. बटणाने कॉइलला फक्त डिवचायचं, जड करंट रिलेच्या आतून जातो, बटण तापत नाही. मामांना हे फार आवडलं. ‘आमच्या ऑफिसात साहेब असाच होता. तो नुसती सही करायचा, खांबावर आम्ही!’ सगळे नट नायलॉकचे घेतले, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, कारण बुलेटवर साधा नट फक्त पाहुणा म्हणून राहतो. काम संपल्यावर मामांनी हात पुसले आणि जाहीर केलं, ‘मीही येतो. लोडवर कसं चालतंय बघायला हवं.’

पहाटे निघालो. मागच्या सीटवरून मामांना माझ्या खांद्यावरून व्होल्टमीटर स्वच्छ दिसत होता, आणि हीच या प्रवासातली मूळ अडचण. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, गाडी वेगात असली की चार्जिंग चौदाच्या आसपास जातं. म्हणजे आकडा हलतो. तो जितक्या वेळा हलला तितक्या वेळा माझ्या कानात पुकारला गेला. कात्रजच्या सिग्नलला हेडलाइट लावून उभे होतो. जुन्या बुलेटला संथ चालीत दिव्यापुरतीही वीज पुरत नाही. ‘बारा-चार... बारा-तीन... बारा-दोन! अरे रेस कर, रेस कर!’ शेजारच्या रिक्षावाल्याने घाबरून स्वतःची रेस केली.

साताऱ्याला चहाला थांबलो. मोबाइल मी हँडलवर लावलेला नव्हता. बड्या इंजिनांच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं 2021 साली खुद्द ॲपल कंपनीनेच जाहीर केलंय, आणि बुलेटच्या कंपनांबद्दल तर कुणी जाहीर करायचीही गरज नाही. त्यामुळे चार्जरची वायर पॅनेलमधून थेट खिशात जात असे. त्या वेळी ती मामांच्या खिशात होती. मामा ऐटीत उतरले, दोन पावलं गेले आणि दाव्याच्या लांबीपाशी थांबले. कुणाकडेही न बघता म्हणाले, ‘सॉकेटची पकड उत्तम आहे.’

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो तर हवालदारांनी हात केला. कागदपत्रं पाहिली. मग पॅनेल पाहिलं.

‘हे काय?’

‘व्होल्टमीटर.’

‘किती पाहिजे?’

‘साडेतेरा-चौदा.’

‘आणि आहे किती?’

‘गाडी बंद आहे साहेब. आता साडेबारा.’

‘मग कमीच आहे की!’ त्यांनी पिवळा दिवा घाटातच लावायची समज दिली आणि बोट पाचव्या बटणावर ठेवलं. ‘हे कशाचं?’ मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, ‘राखीव.’ हवालदारांनी समजल्यासारखी मान हलवली. सरकारी माणसाला सरकारी माणसाचा शब्द बरोबर कळतो.

तिथून पुढे मात्र त्या बटणाने आम्हाला सुखाने चहा पिऊ दिला नाही. चार कामाच्या बटणांबद्दल कोणी एका अक्षराने विचारलं नाही, कारण त्यांच्याखाली नावं होती. बिननावाचं बटण हे आव्हान असतं. पाटणला टपरीवरच्या एका आजोबांनी ते दाबलं आणि कान लावून ऐकलं. कोयनानगरला शाळकरी पोरांनी पैज लावून दाबलं आणि सगळी धरणाकडे बघत राहिली. कोयना धरणाची उंची 103 मीटर. काही झालं नाही म्हणून पोरांपेक्षा मलाच हायसं वाटलं.

कुंभार्ली घाटात ढग रस्त्यावरच उतरले होते. पाटणला 29 दाखवणारा तापमापक 21 वर आला. अशा वेळी हेडलाइट अप्परला टाकला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण वरून गेलेला उजेड धुक्याच्या थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. धुक्याचा दिवा म्हणूनच खाली, पुढच्या मडगार्डच्या पातळीला लावायचा आणि त्याचा झोत आडवा, रस्त्यालगत पडला पाहिजे. बटण दाबलं. रिले टक् बोलला, आणि पिवळ्या उजेडात रस्त्याची पांढरी कड, कठड्याचे दगड, वळणावर बसलेली म्हैस एकामागून एक हजर झाली. सबंध पॅनेलचे पैसे त्या म्हशीपाशी वसूल झाले. व्होल्टमीटरच्या काचेत मात्र आतून वाफ धरली. आकडा दिसेना. अर्ध्या घाटापर्यंत मामा बेचैन होते, मग नाइलाजाने त्यांनी कोकण बघितलं. ‘अरे, हिरवं आहे रे सगळं,’ असं म्हणालेही.

आजोळी पोचलो ती हरतालिकेची संध्याकाळ. मखराचं काम अर्धं झालेलं, आणि तेवढ्यात पावसात फणसाची फांदी तारांवर पडून सगळ्या वाडीची लाइट गेली. मुंबईकरांचे मोबाइल प्रवासातच मेलेले. बुलेटवर चार्जर आहे ही बातमी कुंपणाकुंपणातून गेली आणि अंगणात माणसं वायरी घेऊन उभी राहिली. मखरातली एलईडीची पट्टी बारा व्होल्टचीच असते. मामांनी तिचा अडॅप्टर छाटला, दोन वायरी पॅनेलमागे नेल्या आणि पाचव्या बटणाला जोडल्या. बटण दाबलं. मखर उजळलं. मामी म्हणाली, ‘हे मेलं बटण मघाशी दाबलं तर काही झालं नव्हतं.’

मग मामा खुर्ची टाकून पॅनेलसमोर बसले. काच पुसली. गाडी चालू, माझ्या हातात थ्रॉटल. ‘तेरा-दोन. रेस दे. बारा-नऊ! काढा, एक मोबाइल काढा. तुमचा किती टक्के झाला? चाळीस? पुरे. पुढचा!’ निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी मामांनी अंगणात रीतसर भारनियमन सुरू केलं होतं आणि वाडी निमूट पाळत होती. मखर तेवढं अत्यावश्यक सेवेत. हे रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. मग व्होल्टमीटर ठणठणीत तेरा-सहा दाखवत असताना गाडी दोनदा शिंकली आणि बंद पडली. पेट्रोल. मामांनी खाली वाकून कॉक रिझर्व्हला फिरवला आणि मला ‘किक मार’ म्हणाले. त्यांचं लक्ष आकड्यावरच होतं.

कुणाला असं पॅनेल करायचं असेल तर फ्यूज बॅटरीशेजारी घ्या, नट नायलॉकचेच लावा, आणि बोर्ड बाजारातून विकत आणा. दोन आणा. एक ओट्यावर ठेवून द्या.