लांब हातांच्या शोधात

अमेरिकन फुटबॉलचा स्काउट ओळखायला सोपा. गळ्यात स्टॉपवॉच, गाडी भाड्याची, जेवण पेट्रोल पंपावरचं आणि नजर समोरच्याच्या घोट्यांवर. तुम्ही त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत असता, तेवढ्यात त्याने मनातल्या मनात तुमचा हात मोजलेला असतो. 33 इंच भरला नाही तर तुमच्यातला त्याचा रस संपला.

त्याला हवा असतो पास रशर. म्हणजे समोरच्या दीडशे किलोच्या धटिंगणाला (याला टॅकल म्हणतात) वळसा घालून, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातून तो सुटायच्या आत क्वार्टरबॅकला आडवा करणारा गडी. सगळा खेळ अडीच-तीन सेकंदांचा. असे गडी अलाबामा, जॉर्जियासारख्या बड्या विद्यापीठांत असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिथला पोरगा घेतला आणि फुकट गेला, तर दोष पोराचा. आयडाहोतल्या पोकाटेलोसारख्या गावातून उचलला आणि फुकट गेला, तर दोष स्काउटचा!

म्हणून छोट्या कॉलेजात हा गृहस्थ मुलगी बघायला आलेल्या वरपक्षाच्या मामासारखा वावरतो. पसंत पडलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही आणि चौकशी मात्र आजूबाजूला करायची. मेसवाल्या बाईंना विचारणार, ‘ताट स्वतः उचलतो का?’ पॅड-हेल्मेट सांभाळणाऱ्याला विचारणार, ‘सरावाला वेळेवर येतो का?’ मैदानावर पोरगा टॅकलच्या काखेखालून, खांदा जवळजवळ जमिनीला टेकवत निसटला, की हा मुद्दाम जांभई देणार, कारण शेजारी दुसऱ्या संघाचा स्काउट उभा असतो. चाळीस यार्डांच्या धावेला घड्याळात 4.62 सेकंद दिसतात. शेजारी विचारतो, ‘किती आले?’ ‘पावणेपाच,’ हा सांगतो. ‘माझ्याकडेही तेवढेच,’ शेजारी म्हणतो. दोघंही खोटं बोलतात आणि दोघांनाही ते माहीत असतं.

रात्री मोटेलमध्ये अहवाल लिहिला जातो. सुरुवात झकास. हात लांब. दम संपत नाही. मात्र समोरचे प्रतिस्पर्धी सामान्य. हे शेवटचं वाक्य मोठ्या कामाचं. पोरगा चमकला तर वरची तीन दाखवायची, आपटला तर हे. माझ्या मते या धंद्यात सर्वांत महाग पडलेलं वाक्य हेच.

खरं तर इतिहास या वाक्याच्या विरुद्ध साक्ष देतो. पास रशर डीकन जोन्स 1961 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजांतले खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, चौदाव्या फेरीत मिळाला, तोही रॅम्स संघाचे लोक दुसऱ्याच कुणाची फिल्म बघत असताना नजरेत भरला म्हणून. टेनेसी स्टेटचा रिचर्ड डेंट 1983 मध्ये 203 व्या क्रमांकापर्यंत घसरला. दात खराब, नीट खाता येईना, म्हणून वजन कमी. शिकागो बेअर्सनी त्याचे दात दुरुस्त करून घेतले, आणि 1986 च्या जानेवारीत सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दंतवैद्याच्या बिलाची इतकी वसुली क्वचितच झाली असेल.

या जमातीत बिल नन हा मात्र वेगळा माणूस. ‘पिट्सबर्ग कुरियर’चा क्रीडापत्रकार, इतर संघ ज्यांच्याकडे फारसं फिरकत नसत अशा कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांचे प्रशिक्षक त्याच्या घरोब्यातले. पिट्सबर्गच्याच स्टीलर्स संघाने त्याला स्काउट केलं आणि 1969 मध्ये दहाव्या फेरीत पास रशर एल. सी. ग्रीनवुड त्यांच्या पदरात पडला. स्टॉपवॉच सगळ्यांकडेच होतं. ननकडे ओळखी होत्या, आणि त्याहून मोलाचं म्हणजे तिथल्या खेळाबद्दल आदर होता.

आपला स्काउट यातून काय शिकतो? नंतर बोलायला शिकतो. पोकाटेलोच्या आयडाहो स्टेटमधून आलेला जॅरेड ॲलन 2011 च्या मोसमात 22 सॅक करून बसला, म्हणजे 22 वेळा चेंडू सुटायच्या आत क्वार्टरबॅकला आडवा केला, तेव्हा ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणायला कुणालाच अडचण नव्हती. 2025 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. 2004 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी 125 नावं पुकारली गेली होती.