डोक्यावरचा आकडा

पुण्यात बोहरी आळीत नट-बोल्टचं दुकान चालवायचं तर भांडवल, तराजू आणि सबुरी लागते. पैकी सबुरी एकट्या जीपकाकांसाठी. काका कोपऱ्यावर दिसले की दुकानदार भाई पोऱ्याला सांगतात, "स्टूल काढ, चहा सांग, आणि तो भेसळीचा डबा आत ने." भेसळीचा डबा म्हणजे ज्यात सगळ्या जातींचे बोल्ट एकत्र नांदतात तो. काकांना तो बघवत नाही. एकदा त्यांनी तो दुकानातच ओतून निवडायला घेतला होता आणि मागे गिऱ्हाइकांची रांग पार नळापर्यंत गेली होती.

काका पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. सरकारी जीपमध्ये उभा जन्म गेला, पण बॉनेटला हात लावायचा अधिकार ड्रायव्हरचा. निवृत्तीनंतर त्यांनी लिलावातली जुनी महिंद्रा आणली, विलीजच्या वळणाची, फोर-व्हीलवाली, आणि खात्यात राहून गेलेलं सगळं तिच्यावर वसूल करायला घेतलं. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. काका तिच्याखाली असतात.

यंदा निमित्त झालं ते पुढच्या हबचं. या जीपला पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध फिरवायची एक चकती असते. ‘फ्री’वर ठेवली की चाक नुसतं फिरतं, आतला एक्सल स्वस्थ. ‘लॉक’वर नेली की एक्सल आणि चाक एकजीव. हा हब चाकाला सहा बोल्टांनी धरलेला असतो, आणि लो गिअरमध्ये त्या चाकाच्या वाट्याचा सगळा जोर त्या सहांमधून चाकाकडे जातो. त्यातला एक तुटला. तुटका तुकडा आतच राहिला. मेकॅनिकने त्यावर नट वेल्ड केला, पाना लावून तो अलगद बाहेर काढला आणि म्हणाला, "काका, एक बोल्ट टाकतो, दहा मिनिटांत गाडी घेऊन जा."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने हातातला पाना खाली ठेवला. एक तुटला म्हणजे उरलेल्या पाचांनी त्याचा भार वाहिला. ते ताणले गेले असणार. दिसायला धड, आतून खचलेले. बदलायचे तर सहाच्या सहा! या मुद्द्यावर काका बरोबर होते, हे नोंदवून ठेवतो. त्यांची पंचाईत हीच आहे की ते बहुधा बरोबर असतात.

मग सुरू झाला शोध. काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, पिच गेज असतं. जुन्या बोल्टच्या आट्यांवर एकेक पातं बसवून त्यांनी निकाल दिला: इंची, बारीक आटे. भाईंनी सवयीने मिलिमीटरचा डबा पुढे केला. "काका, बसतो की हा. दोन आटे जातो."

"तिसऱ्याला काय होतं?"

"तिसऱ्याला जरा पाना लावायचा."

त्यावर काकांनी चाकाच्या नटांचं पुराण काढलं. त्यांना तेवढी फट पुरते. अर्ध्या इंचाचा, इंचाला वीस आट्यांचा नट बारा मिलिमीटरच्या बारीक आट्यांच्या स्टडवर बोटाने सरसर चढतो. आट्यातलं अंतर एकीकडे १.२७ मिलिमीटर, दुसरीकडे १.२५. पण स्टड ०.७ मिलिमीटरने सडपातळ, त्यामुळे आटे नुसते एकमेकांना टेकतात, पकडत नाहीत. हाताला घट्ट लागतं आणि घाटात चाक आपल्याआधी खाली पोचतं. हे सांगताना काकांचा आवाज खाली येतो. नात्यातलं कुणी असं गेलं असावं असं वाटतं, पण तसं काही नाही.

दुसरा दिवस ग्रेडचा. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की तुटण्याचा ताण निघतो, मेगापास्कलमध्ये. टिंबानंतरचा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा लांबतो. म्हणजे १०.९ हा हजाराला तुटतो आणि नऊशेला वाकडं वळण घेतो. इंची बोल्टवर आकडे नसतात, रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. आणि इथे भले भले घसरतात, कारण ग्रेड ८ म्हणजे ८.८ नव्हे. ८.८ च्या जवळ ग्रेड ५ येतो, ग्रेड ८ हा १०.९ चा भाऊ. भाईंच्या पोऱ्याने आठाला आठ जुळवून ८.८ पुढे केला तेव्हा काकांनी त्याला रागावलं नाही. स्टुलावर बसवलं आणि शिकवलं. पोऱ्या आता दुकान सोडायचं म्हणतोय.

हा आकड्यांचा नाद काकांच्या अंगात भिनला आहे. माणूस भेटला की ते आधी त्याच्या कपाळाकडे बघतात. सोसायटीचे चेअरमन त्यांच्या हिशेबी ४.६, "मऊ. जरा आवळलं की लांबतात." पुतणीसाठी स्थळ आलं, मुलगा अमेरिकेत, पगार मोठा, बोलणं ताठ. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका म्हणाले, "१२.९ आहे. मजबूत आहे, पण तुटायच्या आधी कळवणार नाही." लग्न झालं नाही. कारण वेगळं होतं, पण काका ते मान्य करत नाहीत.

पुतण्याचं म्हणणं, मग हबलाही १२.९ चे अ‍ॅलन बोल्टच टाकूया ना, जास्त ते चांगलं. काका हसले. इतक्या कडक बोल्टवर झिंकचा मुलामा चढवताना हायड्रोजन आत शिरला तर तो कधीतरी, काही न होता, उभ्या गाडीत तुटतो. मग पुतण्याने स्टेनलेसचं नाव काढलं. गंजत नाही, चकाकतो. "ए-टू-सेव्हन्टी," काका म्हणाले. "सातशेला तुटतो. चकाकणाऱ्यांचं असंच असतं." पुतण्याने त्या दिवशी चकाकणारा शर्ट घातला होता.

शेवटी सहा रेघांचे सापडले. तरी लांबीचा प्रश्न राहिला. बोल्ट एक आटा जरी लांब झाला तरी भोकाच्या तळाला टेकतो. पाना सांगतो घट्ट झालं, आणि हब मात्र मोकळाच. हब खरा धरतो तो दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेल्यामुळे. दाब गेला की बोल्टवर आडवे घाव बसतात आणि तो कापला जातो. जुना बोल्ट असाच गेला होता, लांबीने. काकांनी प्रत्येक भोकाची खोली मोजली, कागदावर लिहिली, कागद काकूंनी वाण्याच्या यादीबरोबर पाठवला, वाण्याने परत पाठवला. मग वायसर, लॉकटाइटचा थेंब, टॉर्क रेंच, आणि प्रत्येक डोक्यावरून हबवर ओढलेली पिवळी रेघ. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते.

आषाढात चाचणी ठरली. वेल्ह्याच्या अलीकडे भाताच्या खाचरांतून जाणाऱ्या वाटेवर, मागची दोन चाकं चिखलात बसली. काकांनी ऐटीत फोर-व्हीलचा दांडा ओढला. काही झालं नाही. हब फ्रीवरच होते. काका पँट गुडघ्यापर्यंत घेऊन उतरले, चकती पुसली, खाली वाकले, आणि मी स्वतः ऐकलं, आनंदाने ओरडले, "रेघा शाबूत! सहाच्या सहा!"

लॉक केल्यावर चारही चाकं फिरू लागली. आधी दोन रुतली होती, आता चार रुतली. बोल्टना काहीही झालं नाही.

शेजारच्या खाचरात चिखलणी चालली होती. ट्रॅक्टरवाला दोर घेऊन आला. "कुठं बांधू, काका?"

"पुढच्या हुकाला," काका म्हणाले, आणि थबकले. हुक दोन बोल्टांवर होता. ते कुणी लावले, कधी लावले, लिलावाच्या आधी की नंतर? सगळं लक्ष हबकडे राहिलं होतं. ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं, पाऊस वाढत होता.

"थांब जरा," काका म्हणाले, "आधी डोकं बघू दे."

ट्रॅक्टरवाल्याने डोक्यावरचं इरलं सरकवलं आणि निमूट मान पुढे केली. तोवर काका बंपरखाली उताणे झाले होते.