कोणती पाल?

आमच्या बुधवार पेठेतल्या वाड्यात कुणाच्या अंगावर पाल पडली की लोक आधी देवाचं नाव घेतात आणि मग पंचांगातलं पालपतनाचं पान शोधतात. काका मात्र जिन्यावरून धडधडत खाली येतात आणि विचारतात, "कोणती होती?"

परवा खालच्या वहिनींच्या खांद्यावर पडली.

"काका, डावा खांदा. आंघोळ करू ना लगेच?"

"करा की. पण शेपटीवर काटे होते का, तेवढं सांगून जा."

पंचांगावर त्यांचा जुना राग आहे. डोकं, खांदा, पाऊल, डावं-उजवं, सगळ्याची फळं वेगवेगळी छापायची आणि पालीची जात मात्र मोघम ठेवायची! एवढ्या तुटपुंज्या माहितीवर धनलाभ कसा ठरवणार? तसं पत्र त्यांनी एका पंचांगकर्त्याला धाडलं. उत्तर आलं नाही म्हणून दुसरं धाडलं, पहिल्याची नक्कल जोडून.

काका बँकेतून निवृत्त झाले, पण मोजायची खोड गेली नाही. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून बॅटरी आणली, एका घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग मिळवलं. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे पाल खिडकीच्या काचेवर येते, आणि काका काचेच्या अलीकडून तिची बोटं न्याहाळतात. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या ते नोटा मोजाव्यात तशा ओठ हलवत मोजतात. मग नजर मांडीकडे. नराच्या मांडीखाली बारीक छिद्रांची रांग असते. ती दोन्ही मांड्यांवर वेगवेगळी थांबते की मधून सलग जाते, यावर बराच निकाल लागतो. पाल तेवढ्यात सरकली तर ते तिला "अहो, थांबा" म्हणतात. काकूंना आजवर कुणी एवढ्या अदबीनं थांबवलेलं नाही.

"ही हेमिडॅक्टायलस फ्लॅव्हिव्हिरिडिस," ते जाहीर करतात. "१८३५ साली र्‍यूपेलनं नाव दिलं. नमुना कुठला? तांबड्या समुद्राकाठचं मसावा! आणि इथे ट्यूबलाइटमागे बसून पेठेतली असल्याचा आव आणते."

दुसऱ्यानं दिलेलं नाव चुकीचं आहे हे पुराव्यानिशी दाखवून देणं, हा वर्गीकरणशास्त्राचा निम्मा धंदा. पेठेतल्या माणसाला याहून मानवणारं शास्त्र नाही. काकांचं दैवत म्हणजे वरद गिरी. त्यांनी २००८ साली जुन्नरच्या घाटघरची पाल वेगळी काढली आणि तिला अ‍ॅरन बाउअर या अमेरिकन अभ्यासकाचं नाव दिलं. त्याच वर्षी दोघांनी मिळून साताऱ्याच्या चाळकेवाडीची 'साताराएन्सिस' जगासमोर आणली. पुढे व्ही. दीपक, गिरी आणि मंडळींनी २०१६ साली गळ्याचा पंखा फुलवणाऱ्या सरड्यांचा हिशेब नव्यानं मांडला आणि त्यातून एक नवी प्रजातीच निघाली. तिचं शास्त्रीय नाव काय? 'सरडा'! चक्क मराठी. हे सांगताना काकांचाच गळा फुलतो.

हा सरडा पाहायला ते चाळकेवाडीला गेलेही. सोबतच्या मंडळींना कास पठारची फुलं असं सांगितलं होतं. भर मे महिन्यात. फुलं नव्हती, सावली नव्हती; पवनचक्क्यांखालच्या तापल्या कातळावर एक नर निळा, काळा, शेंदरी गळा उघडून बसला होता. सगळे पाण्याची बाटली शोधत होते आणि काका पोटावर आडवे. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी घटतात आणि सरडे वाढतात, असं संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं आहे, तेही त्यांनी आडवं राहूनच ऐकवलं.

नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, हा या क्षेत्रातला संकेत. दुसऱ्यानं द्यावं लागतं. बाउअरना गिरींनी दिलं, गिरींच्या नावाची पाल इतरांनी केली. तेव्हापासून काका पालीत जरा रस दाखवणाऱ्या प्रत्येक पोराला चहा पाजतात आणि आपल्या नावाचं स्पेलिंग समजावून सांगतात.

काकूंचं वर्गीकरण वेगळं. त्यांच्या लेखी पालीच्या जाती दोन: घरातली आणि घराबाहेरची. पहिलीची दुसरी करायला केरसुणी पुरते. मध्यंतरी त्यांनी पाली पळाव्यात म्हणून भिंतीला मोरपीस लावलं. आठवड्याभरात एक पाल त्याच्यावरच विसावली. काकांनी फोटो काढला, पट्टी आणून आधी पीस मोजलं, मग पिसावरून पाल, आणि काकूंना बजावलं, "हे पीस आता हलवायचं नाही. माप म्हणून बरं पडतं."