या वेडाला दोन माणसं लागतात

जुनी जीप चार मित्रांनी मिळून स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची, हा मूर्खपणा आहे असं घरचे म्हणतात. शेजारी तर फार आधीपासून म्हणत आलेत. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांचा एक आख्खा समास लिहिला आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खांचाही लिहिला. आमच्यासारख्यांना कोणत्या समासात बसवायचं ते वाचकांनी ठरवावं. मला या मूर्खपणाचा गौरव करायचा आहे, आणि तोही मनापासून.

आधी शहाण्यांची बाजू मांडतो, कारण ती खरी आहे. जुन्या गाडीत घातलेला पैसा परत येत नाही. एक भाग बदलला की शेजारचा डोकं वर काढतो. नवा वॉटर पंप बसवला की रेडिएटर गळायला लागतो, रेडिएटर झाळून आणला की होजपाइप फुटतो. १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण आलं, पुढे दर ५ वर्षांनी ते येतच राहतं, आणि त्याची मोटारीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५००० वर गेली होती. नवी गाडी बटण दाबलं की सुरू होते, बिघडली की दिव्याने सांगते, कंपनीचा माणूस येऊन घेऊन जातो. हा हिशेब बरोबर आहे. पण तो एकट्या माणसाचा हिशेब आहे, आणि जुनी जीप एकट्याने दुरुस्त होत नाही.

रिहे हे मुळशी तालुक्यातलं, घोटवड्याच्या पुढचं गाव. डोंगर, भाताची खाचरं, पावसाळ्यात आठ-आठ दिवस न थांबणारा पाऊस. हिंजवडीच्या काचेच्या इमारती इथून फार लांब नाहीत. इथे एका मित्राच्या रिकाम्या गोठ्यात आमची महिंद्र एमएम ५४० उभी असते आणि तिच्या शेजारी दुसऱ्याची जिप्सी. जमणाऱ्यांत संगणकावर काम करणारे आहेत, पिरंगुटच्या एका कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर आहे, गोठ्याचा मालक स्वतः भात करतो. आणि एसटीच्या दापोडी कार्यशाळेत उमेदीची वर्षं घालवलेले काका आहेत. पगार, वय, जात, राजकारण कशातच मेळ नसलेली ही माणसं एरवी एका चटईवर बसली नसती. ती एका गाडीखाली आडवी होतात.

ब्रेकचंच बघा. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल खालपर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचायच्या आत बुडबुड्यातच संपतो. ही हवा काढायची नेहमीची रीत दोन माणसांची आहे. एक जण आत बसून पेडल मारतो, दुसरा चाकामागे आडवा होतो. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने करायची, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या जीपला मागच्या डाव्या चाकाने. वरचा पेडल दाबून धरतो आणि ओरडतो, ‘दाबलं!’ खालचा निप्पल अर्धा आटा सैल करतो. नळीतून बाटलीत बुडबुडे येतात, पेडल खाली जातं, निप्पल बंद होतो आणि खालून हाक येते, ‘सोड!’ ही हाक येण्याआधी वरच्याने पाय उचलला, तर काढलेली हवा परत आत. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो आणि त्यावर विसंबायचं असतं. उद्या घाट उतरताना जे ब्रेक लागणार आहेत, ते या दोन शब्दांवर लागणार आहेत. ज्याच्याबरोबर तुम्ही अशी ब्रेकची हवा काढली, तो माणूस तुमचा झाला. मैत्रीची याहून खात्रीची रीत मी पाहिलेली नाही.

गिअरबॉक्स क्लचमध्ये बसवताना एक जण वजन पेलतो, दुसरा शाफ्टची दिशा बघतो. डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली तर एक जण हातपंप मारतो, दुसरा फिल्टरवरच्या स्क्रूकडे डोळे लावून बसतो. या सगळ्यात काका कमी बोलतात. गंजलेल्या नटावर कुणी लांब पाइप लावून लटकायला निघाला की म्हणतात, ‘जोर लावू नको रे, तो तुटेल. आधी तेल पाज, रात्रभर राहू दे, मग थोडा पुढे, थोडा मागे.’ ऑफिसात सगळं काल हवं असलेला माणूस इथे एका नटासाठी पुढच्या रविवारपर्यंत थांबतो. त्याच्यासाठी हे फार मोठं शिक्षण आहे.

जीपच का, याला कारण आहे. ती दुरुस्त व्हावी म्हणूनच जन्मली. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. बॅंटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत तिचा आराखडा केला. पुढे महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा ६ लाखांहून जास्त गाड्या बांधल्या. लढाईच्या मैदानात, चिखलात, मोजक्या पान्यांनी शिपायाला ती उघडता यायला हवी होती. आपल्याकडे १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद कंपनी निघाली, १९४८ मध्ये ती महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि मुंबईत सुटे भाग जोडून विलीज जीप तयार होऊ लागल्या. मामलेदाराची, हिवतापाच्या फवारणीची, निवडणुकीच्या पेट्यांची गाडी म्हणून खेड्यापाड्यांनी ती पाहिली. आमची ५४० त्याच वंशातली, ऐंशीच्या दशकातली, प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनाची. शेजारची जिप्सी १९८५ पासूनची, सुरुवातीला अवघ्या ९७० सीसीची, हलकी. दोघींचं बॉनेट उघडलं की आत जमीन दिसते. हात घालायला जागा आहे, आणि कशाने काय फिरतं ते डोळ्यांना दिसतं. पुण्यात नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात हिंडलं तर भाग अजूनही मिळतो. नाहीच मिळाला तर टर्नर करून देतो.

जुलैमधली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चिखलातून आल्यावर ५४० तिरकी चालायला लागली. स्टिअरिंग सरळ, पण मागचा भाग एका बाजूला. काकांनी खाली न वाकताच सांगितलं, ‘सेंटर बोल्ट गेला.’ स्प्रिंगच्या पाट्यांचा थर एकत्र धरणारा हा लहानसा बोल्ट. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बसतं आणि ॲक्सल जागेवर राहतो. खरं तर भार त्याने सोसायचाच नसतो, तो यू-बोल्टनी सोसायचा. यू-बोल्ट सैल पडले की सगळा मार या एका बोल्टावर येतो आणि तो कापला जातो, मग ॲक्सल सरकतो. गोठ्याच्या मालकाने लावणी अर्ध्यावर सोडून जॅक आणि लाकडी ठोकळे आणून दिले. संध्याकाळपर्यंत भर पावसात नवा बोल्ट बसला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्याच्या खाचरात उतरलो. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर यू-बोल्ट आवळायचे, हे त्या दिवसापासून गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं आहे.

या वेडाच्या नावाखाली जे दुसरं चालतं, त्याचा मला मनापासून राग आहे. दुकानात लाखो रुपये टाकून मोठी टायरं, डोळे दिपवणारे दिवे लावायचे आणि तयार झालेली गाडी ओढ्यात घालून फोटो काढायचे, यात दुरुस्ती नाही आणि दोस्तीही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत असे बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं, आणि ते योग्यच आहे. त्याहून वाईट म्हणजे भाताचे बांध तुडवणं. एक बांध फुटला तर खाचरातलं पाणी निघून जातं आणि एका घराचं वर्षाचं पीक आडवं होतं. काढलेलं काळं ऑइल आम्ही कॅनमध्ये भरून परवानाधारक गोळा करणाऱ्याला देतो. ओढ्यात ते एक थेंबही जाता कामा नये, कारण इथला ओढा शेवटी मुळेलाच मिळतो आणि मुळा पुण्याच्या अंगणातून वाहते.

म्हणून मुळशीतल्या, मावळातल्या, कुठल्याही गावातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे गोठ्यामागे ताडपत्रीखाली एखादी जुनी जीप, ट्रॅक्स किंवा जिप्सी उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आरसी बुक शोधा. चासी नंबर त्याच्याशी जुळवा. गिअर न्यूट्रलला टाकून इंजिन हाताने फिरतं का बघा. फिरत असेल तर ते जिवंत आहे. फिरत नसेल तर लगेच जोर लावू नका, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून चार दिवस थांबा. आणि पुढच्या रविवारी ज्याच्याशी बऱ्याच दिवसांत बोलणं झालेलं नाही अशा एका मित्राला फोन करून सांगा की ब्रेकची हवा काढायची आहे, पेडल दाबायला माणूस हवा आहे.