भगव्याचा उतरलेला भाव

दिवा उपनगरातील इस्टेट एजंटाच्या व्हिजिटिंग कार्डावरील भगवा मोबाइलवर तळपतो तितका कागदावर तळपत नाही, कारण पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश स्वतः फेकतो, तर सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी या चार शाया कागदावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग केवळ शोषून घेतात. त्यात स्वस्त कार्डे 'गँगिंग'ने, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांची कामे एकाच मोठ्या कागदावर दाटीवाटीने बसवून छापली जातात. साहजिकच सकाळच्या लोकलप्रमाणे येथेही शेजारच्या गडद निळ्याचा धक्का भगव्याला बसू शकतो. छापील नमुना पाहूनच रंग मंजूर करणे हा उपाय असला, तरी व्हॉट्सॲपवरच्या आकसलेल्या जेपीजीला अंगठा उंचावून होकार देणारा एजंट छापखान्याशी भांडतो तो छटेवरून. त्याच कार्डावरचे 'स्टेशनपासून पाच मिनिटे' हे अंतर मात्र त्याने आधीच अचूक मानलेले असते.