जळिताचा नंबर

होळी जवळ आली, की शिर्डीच्या शिवारात दुपारची हवा सुटते आणि उसाचं पाचट पापडासारखं वाजायला लागतं. एका हेक्टरात ते 8-10 टन निघतं. एवढं सरपण उभ्या पिकातच रचून ठेवायचं आणि त्यावरून झोळ पडलेल्या विजेच्या तारा न्यायच्या, ही कल्पना ज्याला सुचली त्याचा सत्कार अजून राहून गेलाय. वाऱ्याने तारेला तार लागू नये म्हणून शेतकरी मध्ये बांबू अडकवतो. तेवढं एक काम सरकारवर न ढकलता आम्ही स्वतः करतो.

तसं आमच्या मुलखात धुराला कुणी दचकत नाही. द्वारकामाईतली बाबांची धुनी 1918 साली ते गेल्यावरही तेवत राहिली. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं आणि खोऱ्यात पैसा आला. धूर म्हणजे उदी, धूर म्हणजे उसाचं पेमेंट. त्यामुळे शिवारात काळा लोट उठला, की पहिला प्रश्न, ‘कुणाचा पेटला?’ आणि लगेच दुसरा, ‘त्याचा नंबर कधी होता?’

हा दुसरा प्रश्न बाहेरच्यांना कळायचा नाही. नंबर म्हणजे कारखान्याकडची ऊसतोडीची पाळी. पेटलेल्या उसाचं वजन घटतं, रसातली साखर दिवसागणिक उतरते, म्हणून त्याला रांग सोडून आधी तोड द्यावी लागते. जो ऊस गट ऑफिसात हेलपाटे घालून, कारखान्याच्या चिटबॉयला चहा पाजून, तोडणीच्या टोळीला खुशाली देऊन तुटत नाही, तो पेटला की दुसऱ्या दिवशी ट्रॉलीत. जळिताची कपात होते, जनावरांची वाढी जातात, बांधावरचा आंबा होरपळतो, बिबट्याची पिल्लं उघड्यावर येतात; पण नंबर लागतो. अर्ज त्याच दिवशी निकाली काढणारं या खोऱ्यात एकच खातं आहे आणि त्याचं ऑफिस काडेपेटीत भरतं.

कारणाच्या रकान्यात अर्थातच ‘शॉर्टसर्किट’. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण जिथे दिवसभर लाइनच नव्हती त्या शिवारातही ते होतं, तेव्हा विजेच्या निष्ठेला हात जोडावेसे वाटतात.

बंब? आहेत की. काकडी गावातला शिर्डीचा विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 ला सुरू झाला. बंब तयार असल्याखेरीज तिथे विमान उतरत नाही. दर्शनाला मोठा पाहुणा आला, तर त्याच्या ताफ्यामागेही बंब धावतो. म्हणजे पेटायची शक्यता ज्यांची सगळ्यात कमी, त्यांची सोय चोख आहे. शेजारचे मामा म्हणतात, उसाला दोन पंख लावून बघू, नाहीतर लाल दिवा.

भक्त एक जुनी आठवण सांगतात. खळवाडीत एका गंजीला आग लागली, वारा सुटलेला. बाबांनी जळत्या गंजीभोवती पाणी फिरवलं आणि सांगितलं, एवढीच जळेल. बाकीच्या वाचल्या. त्यातला चमत्कार आम्ही घेतला. जाळरेषा तेवढी बाबांकडेच राहू दिली. आता दोन शेतांमधला बांध दोन्हीकडून इतका कोरलाय, की त्यावरून बैल जात नाही. आग जाते.

मामांचा ऊस चौदा महिन्यांचा झालाय. तुरे येऊन गेले. काल चिटबॉय मोटरसायकल बंद न करताच म्हणाला, “मामा, तुमचं मार्चअखेर बघू. आधी तीन ठिकाणचं जळीत उचलायचंय.”

“बरं,” मामा म्हणाले.

तो गेला. हवा सुटलेली होती. मामा बराच वेळ उसाकडे बघत उभे राहिले आणि मग त्यांनी कोपरीच्या खिशात हात घातला. माझ्या पोटात गोळा आला. निघाली ती तंबाखूची चंची. बिडी त्यांनी दिवाळीतच सोडलीय, असं मामी सांगतात.