किल्लेदार

हा इसम साधारण सहा ते नऊ वर्षांचा असतो. पुढचे दोन दात पडलेले, गुडघ्यावर खपली, कमरेला आईच्या ओढणीचा शेला. मुलगीही असू शकते. तेव्हा शेला जरा जास्त घट्ट आवळलेला असतो. दिवाळीत सोसायटीच्या आवारात मातीचा किल्ला केला, त्यावर अळीव पेरले, मावळे मांडले, तिथंच त्याला गडाची चटक लागते. भाऊबीज झाली, माती उचलली, की मोठ्यांना वाटतं, प्रकरण मिटलं. प्रकरण जिना चढून घरात आलेलं असतं.

हॉलमध्ये राजगड उभा राहतो. लोडांची पद्मावती, उशांची सुवेळा, सोफ्याच्या गाद्यांची संजीवनी अशा तीन माच्या पसरतात. मधे चार खुर्च्यांवर नुकतीच इस्त्री केलेली चादर टाकली की बालेकिल्ला तयार. चोरदरवाजा टीपॉयखालून. गडावर पाण्याचं टाकं हवंच, म्हणून परात, आणि परातीत खरं पाणी. खोटं पाणी त्याला चालत नाही. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आहेत हे त्याला सहलीत कळलं आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातले तीन डबे गडावर गेले. पोह्यांची सरस्वती कलंडली. ते पोहे सोफ्याच्या फटीतून अजून निघताहेत.

पाहुणे आले तर त्यांना परवलीचा शब्द विचारला जातो. एक काका "अरे, बसू दे की," म्हणत टेकले.

"काका, तुम्ही तटबंदीवर बसलात."

"मग कुठं बसू?"

"तुम्ही खाली पडा. तुम्हाला गोळा लागलाय."

गोळे म्हणजे गुंडाळलेले मोजे, बरेचसे न धुतलेले. वडिलांना कायम शत्रूकडून लढावं लागतं, पण त्यांची तक्रार नसते, कारण लवकर मेलं की जमिनीवर आडवं पडून मोबाईल बघता येतो. तेही फार वेळ नाही. मेलेल्या माणसानं मोबाईल बघायचा नसतो, असा गडाचा कायदा आहे.

आजीच्या खोलीवर मात्र स्वारी होत नाही. ती खोली म्हणजे जंजिरा. जंजिरा मराठ्यांना कधीच घेता आला नाही, हे त्यानं पुस्तकात वाचलंय. आजीनंही तेवढा इतिहास पक्का लक्षात ठेवलाय.

रात्री "आवर आता" असा हुकूम सुटला की तो बधत नाही. गड असा सोडायचा नसतो, तह करावा लागतो. तहही साधासुधा नाही, पुरंदरचाच. महाराजांनी 23 किल्ले दिले, 12 राखले. त्या हिशेबानं तो मोजून 23 वस्तू जागेवर ठेवतो आणि 12 राखतो. दिलेल्यांत खडूचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, एक तुटकी पट्टी. राखलेल्यांत चारही खुर्च्या, चादर, परात आणि तिन्ही डबे. आई सही करते, कारण दहा वाजून गेलेले असतात आणि सकाळी शाळेचा डबा असतो.

पुरंदरचा तह 1665 सालचा. दिलेले किल्ले परत घ्यायची मोहीम महाराजांनी 1670 साली काढली. हा दूध पिऊन झालं की लगेच काढतो.